अकरा पानांचा अंदाज

अजून एकही पट्टी दाबलेली नाही.
अकरा पानं टेबलावर, पाठपोट झेरॉक्स,
वर शेंगाचटणीची बरणी, पंख्यानं उडू नयेत म्हणून.
एप्रिल. दुपारचे तीन. साखर पेठेत
शेजारचे माग चालू आहेत, खटॅक खटॅक,
त्या लयीत वाचायचं नाही असं ठरवूनही
नजर त्याच लयीत पुढे सरकते.

एस्तेरबाई रणभिसे म्हणाल्या,
"आठवडाभर हात लावू नकोस. नुसतं बघ.
बैल घेण्याआधी दात बघतात ना, तसं."
बाई जन्मात बैलाजवळ गेल्या नसतील,
पण चर्चच्या पियानोचे दात त्यांना पाठ आहेत:
पंच्याऐंशी धड, तीन मुके.
त्यातला एक मुका, वरचा एफ शार्प,
या अकरा पानांत एकोणीस वेळा येतो.
मी मोजला.
म्हणजे एकोणीस वेळा तो मलाच
मनातल्या मनात वाजवून घ्यावा लागणार.
हा अवघडपणा छापलेला नसतो.

नायना असंच करायचे.
व्यापारी चादरीचं नवं डिझाईन घेऊन यायचा,
मोरांची जोडी, किंमत बोला म्हणायचा.
नायना चहा सांगायचे. किंमत नाही.
ग्राफचा कागद घेऊन दारातल्या उजेडात उभे,
अंगठ्याचं नख चौकटीचौकटीवरून,
ओकटी, रेंडू, मूडू,
किती कार्डं पडतील, कुठं भोकं दाट होतील.
"मोर सोपा गं," मला म्हणायचे, "मान अवघड.
मोर गिऱ्हाइकाला दिसतो,
मान फक्त विणणाऱ्याला."
आता डिझाईन पेनड्राइव्हवर येतं.
ते मीच करते, टॉवेलच्या कंपनीत.
नख मात्र तेच, त्यांचंच, रुंद.

तर नख फिरवत जाते.
तिसरं पान काळंकुट्ट, मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं.
घाबरले. मग कळलं, शिडीच आहे,
पायऱ्या फक्त दाट.
पाचव्यावर डाव्या हाताला दहा पट्ट्यांची वीत.
माझी नऊ भरते, तीही हात तापलेला असेल तर.
स्वर मोडून वाजवता येतील,
बाई चालवून घेतील.
मी घेईन का, ते माहीत नाही.

सातव्यावर डाव्या हातात तीन, उजव्यात चार,
एकाच वेळेत, एकमेकांना न विचारता.
इथं भलेभले अडकतात, बाई म्हणाल्या होत्या.
मी टेबलावर बोटं वाजवून बघितली:
डावा तेलुगूत मोजतो, ओकटी रेंडू मूडू,
उजवा मराठीत, एक दोन तीन चार.
लागलं! पहिल्याच झटक्यात लागलं.
घरात एका भाषेत हिशेब, दुसऱ्या भाषेत भांडण,
असं चाळीस वर्षं चाललेलं,
ते असं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

मग नववं पान.
जवळजवळ रिकामं.
चार स्वर, लांब धरलेले, आणि विश्रांतीची खूण,
परत दोन.
कुणीही म्हणेल, सुटलो.
नख तिथंच थांबलं.
नायनाही मोरावर थांबत नसत,
मोराभोवतीच्या कोऱ्या जमिनीवर थांबत.
नक्षीत तुटका धागा खपून जातो,
जमिनीत नाही.
पान उजेडाला धरलं
तर मागच्या पानाचे स्वर भोकांसारखे दिसले, उलटे,
आणि या बाजूला एवढी जागा,
जिथं बोटं काहीच करत नसताना
काहीतरी बरोबर चालू राहिलं पाहिजे.
ते कसं शिकतात?
बाईंना विचारायचं, मंगळवारी.

हिशेब असा: मंगळवार आणि शनिवार,
पाच ते साडेसहा, कॉयरवाले येईपर्यंत.
लाईट गेली तरी चालतं, खिडकी पश्चिमेला आहे.
नायना दिवस दुपटीनं सांगायचे
आणि तरीही कमी पडायचे.

पहिल्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं:
दिवाळी.
खोडलं.
नाताळ, असं लिहिलं.
कुठल्या सालचा, ते नाही लिहिलं.